वाढत्या मापाची

एर्मेलिंदाबाय म्हणाली, साडेपाच फूट.
कात तिने जपून ठेवली होती
ऑस्बर्टच्या कम्युनियनच्या कोटाखाली, कपाटात.
मी टेप लावला. साडेपाच, वर अर्धा इंच.
तेवढ्यात जहाजावरून त्याचाच फोन:
"मेस्ता, कातीवर जाऊ नको. कात ताणते.
सापापेक्षा लांबच निघते नेहमी."

चाळीस वर्षं डिचोलीत रंधा मारतोय,
ओलं लाकूड वाळून आखडतं, ते ठाऊक.
पण अंगापेक्षा मोठं होऊन मागे राहणारं
काही हातात आलं ते पहिल्यांदाच.

मग खुद्द त्यालाच मोजायचं ठरलं.
नाव दोदोल. रंगही तसाच,
गुळात आटलेला, वर तेलाची तकाकी.
बायने मांडीवरून उतरवलं,
"सरळ राहा रे," म्हणाली,
फोटोवाल्यासमोर पोराला म्हणतात तसं.
अजगर सरळ राहत नाही.
गुण्या, ओळंबा, सगळं पिशवीतच राहिलं.
टेबलाच्या पायाला वळसा, तिथून माझ्या मनगटाला.
थंड नव्हता.
घरी सांगितलं, कुणी मानलं नाही.
पाठीवरून सुतळी सोडत गेलो,
वळणा-वळणावर बोटाने दाबत,
मग ती ताणून धरली: चार फूट दहा.

"पाचाची कर मग."
नको म्हटलं.
आमचा शिंपी गणवेश शिवायचा
चार बोटं कापड आत दुमडून.
लाकडाला दुमड नसते, बाय.
त्याची वाढ आधीच बाहेर ठेवावी लागते,
रिकामी, सगळ्यांना दिसेल अशी.

साडेसात लांब, तीन रुंद, अडीच उंच.
सागाचा भाव ऐकून ती गप्प झाली,
मग मला मागच्या खोलीत नेलं.
ऑस्बर्टचा पलंग. फणसाचा,
हळदीच्या रंगावरून आता मधाच्या रंगावर आलेला.
माझ्याच बापाच्या हातचा.
खालच्या पट्टीवर त्याची पेन्सिल अजून होती:
माप, मजुरी, उचल दहा रुपये.
"काढ," म्हणाली. "अकरा वर्षं चादर तेवढी बदलते."
पहिली पाचर ठोकण्याआधी
मी तिला चहा करायला पाठवलं.

इकडे जाळी वर, तिकडे खाली,
हवा तिरकी जावी म्हणून.
दिव्याला पिंजरा, नाहीतर तो बिलगून भाजून घेईल.
सरकत्या काचेला कुलूप,
कारण रात्रभर तो नाकाने फट शोधतो
आणि कंटाळत नाही.
एका टोकाला बत्तीस अंश, दुसऱ्याला सव्वीस,
मधलं त्याचं तो बघेल.

टेम्पोत पेटी घालून आणताना
कोर्जुवेच्या पुलावर दोघांनी छातीवर क्रूस काढला,
मग काच दिसली, तसे ओशाळले.

व्हार्निशचा वास जाईपर्यंत आत कुणी नको,
पंधरा दिवस.
बाय रोज तिन्हीसांजेला दिवा लावून
रिकाम्या पेटीचं तापमान वहीत लिहायची.

सोळाव्या दिवशी सोडला.
कडेकडेने सगळं चाचपून झालं,
मग पट्टीच्या आडोशाला गोळा होऊन बसला,
बापाच्या पेन्सिलीला पाठ लावून.
तिच्याखाली मीही लिहून ठेवलंय माप.
उचल लिहिली नाही. घेतलीच नव्हती.

परवा फोन आला: कात टाकली पुन्हा.
मोजू नको म्हटलं.
म्हणाली, मोजली केव्हाच.