खांद्याच्या खाली

लिएजमध्ये, नोव्हेंबरात, मेलेल्या नोटरीचं तळघर लिलावात निघालं
तेव्हा बाटल्या वर आणायचं काम माझं होतं.
एकेक टॉर्चसमोर धरायची आणि बघायचं
वाइन कुठवर उरलीय:
मानेत असेल तर ठीक,
खांद्यावर असेल तर देवाचं नाव घ्या,
खांद्याखाली गेली असेल तर तसं वहीत लिहा
आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघू नका.

साठ वर्षं बुचातून काय बाहेर जात असतं
मला अजून कळलेलं नाही.
बाटली गळत नाही. फरशी कोरडी असते.
तरी चार बोटं कमी.

लेओकादी देल्फोस, वय त्र्याहत्तर,
ओला कोट न काढताच माझ्यापाशी आली.
"घेण्यासारख्या आहेत का या?"
तीन बाटल्या, बर्गंडी, एकसष्ट सालच्या,
लेबलं कसरीनं खाल्लेली,
तिन्ही खांद्याखाली.
मला पगार खरं बोलायचा मिळत नाही.
तरी म्हटलं, बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची.
उघडलीत तर सॅलडवर ओताल.

ती हसली नाही.
"ही पेटी माझ्या बापानं खाली नेली होती.
यांचा ड्रायव्हर तो. एकोणीस पायऱ्या.
साहेब मागून ओरडायचे,
हलवू नकोस, हलवू नकोस, गाळ उठेल.
पुढे आयुष्यभर तो तसाच चालला.
बाजारातून अंडी आणतानाही.
आईच्या शवपेटीला खांदा देतानाही."

पंचेचाळीस युरो. दुसरा हात वर झाला नाही.

पहिली तिथंच उघडली, मागच्या खोलीत, माझ्याच स्क्रूनं.
बुचाचा भुगा. व्हिनेगर. नाकात झिणझिण्या.
दुसरीला आधी ओल्या पोत्याचा वास,
मग कसलाच नाही,
मग आम्ही ट्रामच्या रखडलेल्या कामावर बोलत असताना
कधीतरी
वाळलेली संत्र्याची साल,
कपाटात राहून गेलेला कुणाचा तरी हिवाळी कोट.
रंग विटकरी, कडेला चहासारखा.
चांगली होती. खरंच चांगली होती.
पंधरा मिनिटं.
मग पेल्यात नुसतं आंबट पाणी राहिलं
आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो,
उठून गेलेल्या पाहुण्याच्या खुर्चीकडे बघावं तसे.

हिशेब मांडला तर मिनिटाला तीन युरो.
इथली टॅक्सी फार स्वस्त पडत नाही,
आणि ती ठरलेल्या ठिकाणीच नेते.

तिसरी तिनं उघडली नाही.
स्कार्फमध्ये गुंडाळून दोन्ही हातांनी छातीशी धरली.
दाराबाहेर सहाच पायऱ्या, पावसानं निसरड्या.
मी हात पुढे केला, तो तिला दिसला नसावा.
ती उतरली,
गाळ उठू न देता.