एकतीस

कंपनीने फॉर्म पाठवला होता.
झोप कशी लागते? एक ते पाचमध्ये सांगा.
भूक? एक ते पाच.
मी सगळीकडे चार लिहिले.
पाच लिहिलं तर कुणाला पटणार नाही,
तीन लिहिलं तर फोन येईल.

माझी मोजणी तर तीसपर्यंत आहे.

तीस वेळा छाती दाबायची, दोन श्वास, पुन्हा एक.
शिकवलं होतं इंग्रजीत,
पण हाताला घाई झाली की तोंडातून मराठीच येते:
सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.
मारिव्हिक फुगा दाबते. दोनदा.
पुन्हा एक.

सोहार बंदराच्या ॲम्ब्युलन्सवर चार उन्हाळे झाले.
आता खोलीकडे जाणारा जिना मोजतो, तिसाला थांबतो.
हेमलता कुडाळहून सांगते,
परसातल्या झाडाला यंदा पन्नासेक फणस धरलेत.
मी मनात मोजत तिसाव्या फणसाशी पोचतो
आणि परत खाली, बुंध्याशी.
"जेवलास?" "जेवलो."
ह्यात खोटं काही नाही, म्हणून हे उत्तर सोयीचं.

ऑगस्टातला तो परांची बांधणारा.
दुपारची कामबंदी साडेतीनला उठली, तो चारला पडला.
हेल्मेटवर मार्करने नाव: रामसजीवन.
अंग इतकं तापलेलं
की हातमोज्यांतून माझे तळवे पोळले.
चाळीस मिनिटं.
त्यात तीस किती वेळा झाले
तेवढंच मोजायचं राहून गेलं.

परतताना मी पुढे बसलो होतो, खमीसशेजारी.
चार वर्षांत हा माणूस माझ्याशी
"पानी?" ह्यापलीकडे फारसं बोललेला नाही.
हायवेचे दिवे मागे जात होते,
माझे ओठ हलत होते.
फलज अल कबाइलच्या अलीकडे
एका चहाच्या टपरीसमोर त्याने गाडी घेतली,
इंजिन बंद केलं.
एसी थांबला आणि उकाडा आत येऊन बसला,
तिसऱ्या माणसासारखा.

"तीस के बाद क्या आता?" त्याने विचारलं.

मला कळेना.
मग त्याने स्टिअरिंगवर बोट आपटत म्हणून दाखवले,
एक, दोन, तीन,
पाचचं बाच, पंधराचा बंधरा,
न चुकता तिसापर्यंत.
मधली काच कायम उघडी असते आमची.
मी मागे मोजायचो, तो पुढे ऐकायचा.

म्हणाला, झोपेतही म्हणतो मी हे.
बायको उठून दिवा लावते.
धाकट्या मुझ्नाला तुझे तीस पाठ झालेत,
ती विचारते, पुढे काय?
मला येत नाही.

आणि मला,
कदम गुरुजींसमोर शंभरापासून उलटं म्हणणाऱ्या मला,
पुढचा आकडा आठवेना.
चहा आला. साय धरली त्यावर.

"एकतीस," मी म्हणालो.
"एकतीस."
"बत्तीस."
तेहतीसला तो अडखळला, स्वतःशीच हसला.
चौतीसला माझा आवाज फुटला
आणि आकड्यांच्या जागी रामसजीवन आला,
त्याचे भाजके तळवे, उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली,
अर्धी भरलेली, कुणी ठेवली कोण जाणे.
खमीसने अल्लाची मर्जी वगैरे म्हटलं नाही.
ऐकत राहिला. मग त्याचं त्याने सांगितलं,
ते मी इथे लिहिणार नाही.

फॉर्म मी परत मागून घेतला.
चार खोडून दोन केले. फोन आला, उचलला.
पलीकडची बाई बरी आहे, घाई करत नाही.
जिना अजून मोजतोच.
बत्तीस पायऱ्या आहेत, हे आता कळलं.

मारिव्हिक अलीकडे
हातमोज्यांच्या दोन दोन जोड्या चढवते,
शिफ्ट संपली तरी बराच वेळ काढत नाही.
तिला काय विचारायचं, कुठल्या भाषेत,
मला सुचत नाही.
उद्या खमीसला म्हणणार आहे,
गाडी टपरीकडे घे,
चहा तीन सांग.