वडगावात लाईट गेली की

ओमाण्णानं शेवटपर्यंत मूळव्याधच म्हटलं.
तांबडं दिसलं की पायजमा आपणच धुवायचा,
नळाला पाणी यायच्या आधी, अंधारात.
दहाव्याला त्याची पोरगी म्हणाली,
काका, तुम्ही तरी तपासून घ्या की.
घेतो म्हटलं. खरं चार वर्षं गेली.

काल दिवसभर लिंबाच्या वासाचं औषध
तांब्या-तांब्यानं, आणि संडासाची कडी.
सून टीव्हीचा आवाज वाढवून बसली,
मला लाज नको म्हणून.

आज डाव्या कुशीवर, पडद्याकडं तोंड.
कागद कानडीत, सही मराठीत.
"उसिरु बिड्री काका," गंगव्वा सिस्टर म्हणते,
सोडतो. श्वासाला कुठली भाषा.

पडद्यावर माझाच आतला बोळ,
ओला, गुलाबी, आणि थांबतच नाही:
आवळतो, सुटतो, आवळतो,
साठ वर्षं मला न विचारता चाललेला माग.
हलत्या कापडात काय दिसणार, मी पुटपुटतो.
डॉक्टरबाई म्हणतात, थांबवूया की.

मग बाटलीचं बूच निघतं
आणि खोलीभर पेपरमिंट.

शनिवार. पगाराचा दिवस.
सावकार वहीतून मान वर न करता
एकच पांढरी गोळी द्यायचा, दोघांत एक.
ओमाण्णा सदऱ्याच्या टोकात धरून
चिमणीच्या दातानं फोडायचा.
मोठा तुकडा मला.
सदऱ्याला सोमवारपर्यंत वास.

तेलाचं पाणी नळीतून आत गेलं.
थंड लागलं की नुसतं वाटलं, सांगता यायचं नाही.
खरं बोळ सैल पडत गेला,
वडगावात लाईट गेली की
माग गप्प होत जातात तसा,
आधी आपला, मग शेजारचा, मग सगळी गल्ली,
आणि कान दुखावेत इतकी शांतता.
विणकर तेव्हाच कापडावर वाकतो.
तेव्हाच सापडतं तुटलेलं सूत, एखादी गाठ.

"इल्ली नोड्री," गंगव्वा म्हणाली.
घडीच्या मागं, मसुराएवढी.

तारेचा फास पडला, आवळला.
दुखलं नाही.
बाटलीवर माझं नाव कानडीत लिहिलं.
तपासायला जाईल, शनिवारी या.

घरी आलो तर गल्लीत खटखट चालू.
सुनेनं पेज वाढली. काही विचारलं नाही.
मी ओमाण्णाच्या पोरीला फोन लावला.
तुझं वय किती झालं गं,
एवढंच विचारलं.