वळ

संपादक म्हणतो, प्रकरणं सुटी सुटी पडतात,
एखादा धागा हवा
चारही पिढ्यांतून ओवलेला.

मी राईचं शेत लावून पाहिलं.
डांबराची भट्टी लावून पाहिली, पाइनच्या मुळांचा तो वास
फार तर पणजोबांपर्यंत येतो.
नदीला दर वसंतात येणारा पूर लावला;
पूरही पुरला नाही.

मग त्युने आत्याने फोनवर, कॉफी ढवळत,
सगळं सांगितलं, हवामान सांगावं तसं.

खापरपणजोबा नेस्तोरी:
कुणाच्याशा लग्नात, व्हायोलिन चालू असताना
साडूच्या बरगडीत सुरी विसरून आला.
(‘विसरून’ हा शब्द घरचाच. मी बदललेला नाही.)
त्याचा इसाक्की:
अठरा सालच्या यादवीत
शेजारच्या सुताराच्या पोराला बर्फात उभं करणाऱ्यांतला एक.
पोराचे बूट चांगले होते. आमच्या घरात एकवीस वर्षं टिकले.
त्याच बुटांत आजोबा आर्ने सरहद्दीवर गेला,
आला तो बोलणं तिकडेच ठेवून.
सॉनाच्या दाराआड त्याचा पट्टा टांगलेला असे
आणि माझा बाप, ओलावी,
तो आणायला स्वतः जाई.

ह्याला आमच्यात मार म्हणत नसत.
वळण म्हणत.
वळ आठ दिवसांत जातात, आत्या म्हणाली,
वळण जन्मभर राहतं.

आणि हिल्मा आजी?
तिने कधी कुणावर हात उचलला नाही.
ती फक्त पीठ मळता मळता म्हणायची,
येऊ दे बापाला घरी.

म्हणजे धागा होताच.
मी तो ओवलाही, बोटाला सुई टोचू न देता.
प्रत्येक प्रकरणाला बेताचं रक्त,
आणि अगदी शेवटी मी, खिडकीशी, लिहिणारी,
हात शाईनेसुद्धा न माखलेले.

परवा मीठ घ्यायला वरच्या फळीकडे हात नेला
तर एलिसने मान आत ओढली.
सात वर्षांचा आहे.
मी त्याला कधी मारलेलं नाही.
एकदाच. दुकानाच्या पार्किंगमध्ये, फेब्रुवारीत,
हातमोज्यासकट. ते काही
प्रकरण होईल एवढं नव्हतं.

संपादकाला अजून काही कळवलेलं नाही.
मीठ खालच्या फळीवर आणून ठेवलंय,
हात न उचलता
मिळेल असं.