खड्डामाग

आजोबांच्या मागाचा खड्डा बुजवायचा राहून गेला
म्हणून ही गाडी घरात येऊ शकली.
चार यंत्रमाग किलोवर भंगारात गेले,
फरशीवर तेलाचे चार चौकोन उरले
आणि मधोमध फळ्यांनी झाकलेला तो खड्डा,
ज्यात पाय सोडून आजोबा पावड्या दाबायचे.

आता त्यात मी उभा.
डोक्यावर प्लायमाउथ, सन एक्कावन्न,
अक्कलकोट रोडच्या एका बँडवाल्याच्या पत्र्याखाली
बावीस वर्षं नवरदेवाची वाट बघत बसलेली.
टपाच्या जागी नुसत्या कमानी,
मागच्या सीटमध्ये चिमण्यांचं गवत.

"टपच नाही व्हय?" राजमणी म्हणाली,
"चव्वेचाळीस डिग्रीत डोकं भाजून घ्यायला
सव्वादोन लाख दिलात?"
मी पाना शोधत होतो.

पाने इंचाचे लागतात, हे पहिल्याच दिवशी कळलं.
तेरा नंबर गरगर फिरतो, बारा बसत नाही,
मधल्या त्या अर्ध्या इंचासाठी
मंगळवार बाजारात, भंगाराच्या गोणपाटासमोर
तीन मंगळवार उकिडवा बसलो.
इलाहीबक्षनं शेवटी एक काढून दिला,
"रेल्वेचा आहे, ने," म्हणाला, पैसे घेतले नाहीत.
पुढच्या वेळी दुप्पट घेतले.

बॅटरी उलटी जोडली.
या गाडीत प्लसचं टोक चेसिसला जातं,
कुणी सांगितलं नव्हतं.
ॲमीटरचा काटा रुसून उलट्या अंगाला पडला
आणि डॅशबोर्डाखाली कांदा करपल्याचा वास.

एकतीस वर्षं मी जकार्डचे पत्ते पंच केले,
कुठल्या भोकातून मोराची मान उठेल
ते झोपेत सांगेन.
इथं मात्र बिगारी.
गंज खरवडतो;
पत्रा कुठं संपला
आणि गंजच कुठं पत्रा होऊन बसलाय, उमगत नाही.
दाराच्या खालच्या काठाला बोट लावलं.
बोट आत गेलं.

टपाचं कापड तेवढं माझ्या हद्दीतलं.
शेजारच्या अंबादास चिलवेरीच्या मागावर विणून घेतलं,
दुहेरी सूत, ठोकून ठोकून घट्ट,
मग गच्चीवर पसरून त्याला मेण आणि जवसाचं तेल पाजलं.
साधं सांगितलं होतं, खाकी, एकरंगी.
त्यानं काठाला मोर टाकला.
"बिनमोराचा हातच चालेना," म्हणाला.
राहू दिला. मागच्या काचेवर आता
अर्धाच मोर आहे, मान शिलाईत गेलेला.

परवा रात्री दीडला ती बोलली.
आधी खोकली, धूर खड्ड्यात उतरला,
मग शेडचा पत्रा न् पत्रा वाजायला लागला.
समोरचे नरसय्या काका, ऐंशी पार, बनियनवर,
काठी टेकत दारात.
"माग सुरू केलास व्हय रे?"

गाडी बघितली. तिच्याबद्दल एक शब्द नाही.
कान तर मागानं कधीच नेलेत त्यांचे;
बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले,
ओठांत पुटपुटत राहिले,
ओकटी, रेंडू, मूडू…
"एक धोटा चुकलालाय," म्हणाले. "मोज.
पाच बरोबर येतात. सहावा येत नाही."

प्लगच्या वायरी एकेक करून ओढल्या.
पहिलीला इंजिन अडखळलं, दुसरीला, तिसरीला.
चौथी ओढली, काही फरक नाही.
हीच.
दातांत टॉर्च धरून वाकलो, तेवढ्यात

"पाणी आलं!" वरून राजमणी.
सहाव्या दिवशी, पावणेतीनला,
आणि नळ किती वेळ टिकेल कुणास ठाऊक.
किल्ली फिरवली.
काळ्या हातांनी घागरी उचलल्या.
काका तिथंच, बॉनेटवर हात ठेवून,
गाडी बंद झालीय हे त्यांना कळायला
थोडा वेळ लागला.

तिसऱ्या घागरीवर तेलाचा तवंग निघाला.
ती झाडांना, असं ठरलं.