सतरा सी

बफेलोच्या चौदा नंबर गेटवर
फलकावरची वेळ पुन्हा पालटते.
पाच चाळीस. सहा पंचवीस. सात पन्नास.
ये रे माझ्या मागल्या.
काचेपलीकडे सरोवरावरून आलेला बर्फ
आडवा उडतोय,
जणू एखादा पिंजारी पिसाळलाय.

काउंटरवरचा टेरेल नावाचा पोरगा
दर वीस मिनिटांनी माइक उचलतो,
नमनालाच घडाभर तेल ओततो
आणि शेवटी सांगतो, नक्की माहीत नाही.
मला त्याचा राग येत नाही.
मीही पोटासाठी हेच करते:
लिफ्ट कधी दुरुस्त होणार, विचारणाऱ्यांना
फोनवरून गोड आवाजात
काहीच न सांगणं.

वाट बघण्याची माझी एक रीत आहे.
पर्समधल्या सगळ्या पावत्या काढायच्या,
तारखेवार लावायच्या,
पुन्हा कोंबायच्या.
आज दोनदा लावून झाल्या.

पलीकडे एक बाई स्पीकरवर
घटस्फोटाच्या वकिलाशी बोलतेय;
सोफा कुणाकडे जाणार
ते आता आम्हा चाळीस जणांना ठाऊक आहे.
एका सॉकेटवरून दोन टायवाले
नळावरच्या भांडणाला लाजवतील असे जुंपलेत.
वांडा नावाच्या आजी मोजा विणताहेत.
सुया चालतात म्हणे,
पाणी तेवढं चालत नाही.

साडेआठला एकदाचे बसलो.
बसलो म्हणजे बसलोच.
पंखांवरचा बर्फ धुण्याच्या रांगेत
आमचा नंबर अकरावा.

तो माझ्या शेजारी. सतरा सी.
आधी नुसता पाय हलवत होता.
मग पुढच्या सीटला गुडघे मारू लागला.
मग उठला.
बसा, म्हटलं तर बसेना.
दहाच्या आत पोचायचं होतं मला, असं ओरडला,
आधी हवाईसुंदरीवर,
मग छतावर,
मग छताच्याही वर कुणी असेल त्याच्यावर.
सामानाचा कप्पा धाडकन उघडताना
त्याचं कोपर माझ्या चष्म्याला लागलं.
चष्मा कुठे पडला
ते त्यानं वळूनही बघितलं नाही.
मी मराठीतून एक शिवी दिली.
बारा वर्षांत पहिली. चांगली ठसठशीत उमटली.

विमान गेटवर परत फिरलं.
रांगेतला अकरावा नंबर गेला.
दोन पोलीस आले, शांतपणे.
तोही अचानक शांत झाला,
कढई उतरवल्यावर तेल होतं तसा,
आणि त्यांच्यामधून चालत गेला
कुणाकडेही न बघता.

मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या.
मग सगळ्या विमानात.
मीही वाजवल्या.
आरतीला वाजवते तशा, मन लावून.

चष्मा शोधायला वाकले.
चष्मा सापडला, दांडी वाकलेली.
त्याच्यामागे एक खोकं.
खोक्यात काळे बूट, नवे कोरे,
तळव्यावर किमतीचा कागद तसाच.
एकाच्या आत घडी घालून ठेवलेले
काळे मोजे.

लग्न असेल.
नोकरीची मुलाखत असेल.
रात्री दहाला कोण घेतं मुलाखत?
मी पुढचा विचार केला नाही.
म्हणजे केला, पण अर्ध्यात सोडला.

वांडा आजींनी मान तिरकी करून बघितलं.
अकरा नंबर, म्हणाल्या.
बस्स, एवढंच.
सुया पुन्हा चालू.

एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात.
माझे तर दोन्ही होते.

घंटीचं बटण दाबून खोकं दिलं.
त्या मुलीनं ते घेतलं,
कुठे ठेवावं कळेना, तशीच उभी राहिली,
तान्हं मूल कुणीतरी हातात दिल्यासारखी.
तेवढ्यात कॅप्टनचा आवाज आला:
आपल्या संयमाबद्दल आभार,
आता आपण सव्विसावे आहोत.

वाकडा चष्मा चढवला.
खिडकीवर नारिंगी पाणी ओघळू लागलं
तेव्हा बारा वाजून गेले होते.
पावत्या पुन्हा काढल्या.
बोटांना नव्या कातड्याचा वास येत होता.