दस्ता

रायफल उघडी पडलीय टेबलावर.
नळी, घोडा, दोन स्क्रू.
लाकूड काढल्यावर इतकी किरकोळ दिसते,
पिसं काढलेल्या कोंबडीसारखी.
परवान्यावर नळीचा नंबर आहे,
लाकडाचा कुठंच नाही.

जुना दस्ता भिंतीला टेकवलाय.
त्यात बिघाड नाही. बिघाड माझ्यात.
गेल्या श्रावणात विश्रामबागेत स्कूटर घसरली,
गळ्याजवळचं हाड मोडलं,
सांधलं, पण अर्धा इंच आखूड.
डॉक्टर म्हणाले, रोजच्या कामाला काही अडणार नाही.
पन्नास मीटरवरचा काळा ठिपका
रोजच्या कामात धरत नाहीत.

मग बघणं सुरू झालं, स्थळं बघावीत तसं.
जर्मनीचा ॲल्युमिनियमचा सांगाडा,
गाल वर, खांदा मागं, सगळं किल्लीनं फिरणारं.
किंमत ऐकून भाऊ नुसता चहा ओतत राहिला.
थराथरांचं एक, निळं-करडं,
दिसायला बर्फी.
पुण्याच्या एका मेजरसाहेबांकडचं अक्रोड,
देखणं, पण त्याला त्यांच्याच गालाची सवय.

शेवटी मिरजेत, एका बोळात,
दस्तगीर शिकलगार.
तीस वर्षं फाउंड्रीत पॅटर्न केलेले,
पंपांची पोटं, व्हॉल्व्हच्या माना,
सगळं आधी लाकडात.
"आजा तलवारींना धार लावायचा," म्हणाले,
"मी मुठीपर्यंतच पोचलो."
दस्त म्हणजे हात, हेही त्यांनीच सांगितलं.
मला शाळेपासून दस्ता म्हणजे चोवीस कागद.

भिंतीवर एक पट्टी होती, खोटी.
तिचा फूट खऱ्या फुटाहून जरासा मोठा.
"लोखंड थंड होताना आकसतंय, ताई.
तेवढं आधीच धरून चालायचं.
पितळाची पट्टी निराळी."
मी विचारलं, आणि हाडाची?
ते हसले नाहीत.
पट्टी परत खिळ्याला अडकवली
आणि सुनेला शिंप्याचा टेप आणायला सांगितला.

कोपर ते बोट. खांदा ते गाल.
टेप सुनेनं धरला, आकडे त्यांनी
बिडीच्या पाकिटावर लिहिले.
मग मला सतरंजीवर पालथं घातलं,
रायफलीच्या जागी हातात खराटा.
"डोळं मिटा. आरामात धरा. आता उघडा."
खराट्याचं टोक दाराबाहेर,
गल्लीतल्या शेळीच्या जरा डावीकडं.
"मानेनं शोधत जायचं न्हाई.
लाकडानं यायला पायजे गालापाशी."

माळ्यावरून फळ्या निघाल्या.
सागवान तेलकट, डिंक धरंना.
शिसव काळं, जड, अंगावर रेषांची नदी.
मी हात फिरवत राहिले.
"दोन तास पेलत असलं तर घ्या की."
आणि शिवण. फिकट. पाटाच्या लाकडासारखी.
"हिच्यावर आमची भाकरी चालली.
पावसात फुगंना, उन्हात वाकंना.
देखणी न्हाई एवढंच."
आणि हलकी, मी म्हटलं.
"मग बुडाला शिसं भरू. वजन भरता येतंय.
स्वभाव भरता येत न्हाई."

रात्रभर शिसव डोळ्यांपुढं.
सकाळी फोन केला, शिवण.

दीड महिन्यानं दस्ता आला, विना पॉलिशचा,
तासलेल्या जागी अजून पेन्सिलीच्या खुणा.
त्यांनी खिशातली दहाची नोट
नळी आणि लाकडाच्या फटीत सरकवली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
कुठं अडली नाही.
नळीनं लाकडाला शिवायचं नसतं,
फक्त मागं घट्ट बसायचं.

लांबी थोडी जास्त वाटली.
"अर्धा इंच ठेवलाय मुद्दाम.
हाड अजून बसतंय तुमचं.
तासायला कधीबी या."

पहिल्या दिवशी रेंजवर पाच गोळ्या.
पाचही आठात,
एका रुपयाखाली झाकतील इतक्या जवळ,
सगळ्या डावीकडं.
शेळीच्याच बाजूला.